शेजारच्या आजोबांनी दिलेला बुटांचा खोका: सही असलेली जुनी बेसबॉल कार्डं जमवायला सुरुवात कशी करावी?

मृण्मयी_पिट्सबर्ग:

नमस्कार मंडळी, आजपर्यंत नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. विषय जरा वेगळा आहे पण कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

आम्ही नऊ वर्षं पिट्सबर्गला आहोत. शेजारी एक अमेरिकन आजोबा राहायचे, सत्तरी ओलांडलेले, एकटेच. माझ्या लेकाशी त्यांची फार गट्टी. लेक अकरा वर्षांचा, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, सेकंड बेसला खेळतो, आणि संध्याकाळी आजोबांनी पोर्चवर रेडिओला पायरेट्सची (इथली बेसबॉल टीम) मॅच लावली की हा ग्लोव्ह घेऊन तिथे हजर. मागच्या महिन्यात आजोबा त्यांच्या लेकीच्या घराजवळ राहायला गेले आणि जाताना याच्या हातात बुटांचा एक खोका ठेवला. आत बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली जुनी कार्डं, तीनशेच्या आसपास असतील, रबरबँड लावून गठ्ठे केलेली, काही रबरबँड तर वितळून कागदाला चिकटलेत. सगळी टॉप्स कंपनीची आहेत, साधारण १९६४ पासून १९७२ पर्यंतची असावीत असं मागच्या मजकुरावरून वाटतंय.

आता मुद्दा. यातल्या बऱ्याच कार्डांवर सह्या आहेत! आधी वाटलं पाच-सहा असतील, नीट मोजल्या तर चाळीसच्या वर निघाल्या. लेकाला रात्री झोप नाही. त्याला आता सही असलेली जुनी कार्डंच जमवायचीयेत, आणि पायरेट्सचा जुना मोठा खेळाडू रॉबेर्टो क्लेमेन्टे, त्याचं पाहिजेच पाहिजे. मी ऑनलाइन क्लेमेन्टेच्या सहीच्या कार्डाच्या किमती पाहिल्या आणि लॅपटॉप बंद केला.

तर माझे प्रश्न असे की या सह्या खऱ्या का ते कसं कळतं, महिन्याला चाळीस-पन्नास डॉलरमध्ये असा संग्रह सुरू होतो का, आणि यात फसवणूक फार चालते म्हणतात ते खरंय का. नवरा म्हणतो दर महिन्याला किरकोळ काहीतरी घेण्यापेक्षा दोन वर्षं पैसे साठवा आणि एकच मोठं नाव घ्या. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

तिसरा_बेस:

वा, काय सुंदर भेट दिलीय आजोबांनी! मीही पेन्सिल्व्हेनियातच असतो.

पहिली गोष्ट, त्या चाळीस कार्डांची सालं बघा. मागे आकडेवारीचा तक्ता असतो ना, त्यातल्या शेवटच्या वर्षात एक मिळवायचा, ते बहुतेक वेळा कार्डाचं साल. १९६७ आणि १९७१ ची असतील तर त्या सह्या छापलेल्या आहेत. त्या वर्षी टॉप्सने जवळपास सगळ्या सेटवर खेळाडूच्या सहीची नक्कलच छापली होती. १९७१ ची लगेच ओळखू येतात, कड काळी कुळकुळीत असते आणि कोपऱ्यांना पांढरे टवके उडालेले असतात. लेकाला सांगताना जरा सांभाळून सांगा, मी त्याच्याच वयाचा असताना मला हे कळलं तेव्हा मी रडलो होतो.

जुना_कागद:

तिसरा_बेस म्हणतात ते बरोबर. १९५२, १९५४, १९५५, १९५६, १९५९, १९६७, १९७१, १९७५ या सगळ्या टॉप्स सेट्सवर छापील सही आहे. १९७० च्या कार्डांवर करड्या कडेत नाव तिरक्या अक्षरात आहे, तेही बघणाऱ्याला सहीसारखं वाटतं. छापील सही ओळखायची अगदी सोपी रीत म्हणजे तेच कार्ड ऑनलाइन शोधायचं, तिथल्या फोटोतही त्याच जागी, त्याच वळणाची सही दिसली की विषय संपला. माणूस दोनदा तंतोतंत तशीच सही करत नाही.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येतो. लांब लिहिणार आहे, कारण या छंदात माझी बावीस वर्षं गेलीत आणि सुरुवातीला हे कुणी मराठीत समजावून सांगितलं असतं तर माझे पुष्कळ पैसे वाचले असते.

फसवणूक चालते का, तर हो, भरपूर. एफबीआयने १९९० च्या दशकात ऑपरेशन बुलपेन नावाचा तपास केला होता, सॅन दिएगोच्या ऑफिसातून, त्यात खोट्या सह्या करून विकणारी अख्खी टोळी सापडली, आणि पकडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. त्या टोळीच्या मालाबरोबर प्रमाणपत्रंही असायची. म्हणून सोबत सर्टिफिकेट आहे एवढ्यावर विसंबून कधीच घेऊ नका, सर्टिफिकेट कुणीही छापतो. सर्टिफिकेट कुणी दिलंय हे बघायचं. या धंद्यात पीएसए, जेएसए आणि बेकेट ही तीन नावं सगळीकडे चालतात. ते सही तपासतात आणि पास झाली तर नंबर देतात, हवं तर कार्ड प्लास्टिकच्या कडक पेटीत बंद करून देतात, आणि तो नंबर त्यांच्या साइटवर टाकून आपल्याला पडताळता येतो. तो पडताळायचाच. पेटीवरचं लेबल बघून थांबायचं नाही, कारण खोटी लेबलंही निघतात.

पण त्याच्याही आधी घरबसल्या एक गोष्ट करता येते आणि ती फुकट आहे. मी तिला तीन तारखा म्हणतो. कार्ड कधी छापलं, खेळाडू कधी गेला, आणि ते पेन बाजारात कधी आलं.

हे मी पैसे घालवून शिकलो. २००५ च्या सुमारास एका विक्रेत्याकडून मी मेल ऑटचं कार्ड घेतलं, जुन्या काळचा जायंट्स टीमचा मोठा फलंदाज, पाय उचलून मारायचा तो. कार्ड होतं फ्लीअर कंपनीच्या १९६० च्या बेसबॉल ग्रेट्स सेटमधलं, त्यावर निळी सही, छान ठसठशीत. दोन महिने ते टेबलावर समोर ठेवून मी काम करायचो. मग एका रात्री सहज त्याचं चरित्र वाचत होतो तर ऑट १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात गेला असं वाचलं. कार्ड १९६० चं. ज्या माणसाला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं त्याची सही त्यावर. मी उठून दिवा लावला आणि किती वेळ नुसता त्या कार्डाकडे बघत बसलो. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की दोन महिने मी मनात म्हणत होतो, ऑटचा हात या कागदावर टेकला होता. या सेटमध्ये बेब रूथ आहे, तो १९४८ ला गेला, लू गेहरिग १९४१ ला, होनस वॅग्नर १९५५ ला. त्यांच्या सह्या या कार्डांवर असूच शकत नाहीत, तरी विकायला येतात.

पेनाचंही तसंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कला. म्हणजे गेहरिगची बॉलपेनची सही ही गोष्टच नाही. शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये. टाय कॉब हा जुना नावाजलेला खेळाडू १९६१ ला गेला, त्याची शार्पीतली सही दिसली की पुढचं पान बघायचं. कॉबबद्दल एक आवडती गोष्ट, तो चाहत्यांच्या पत्रांना फाउंटन पेनने उत्तर द्यायचा आणि शाई बऱ्याचदा हिरवी असायची. अर्थात हे नकली करणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे हिरवी शाई म्हणजे खरी सही असं समजू नका. तारखांनी फक्त खोटी सही पकडता येते, खरी सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता बजेट आणि नवऱ्याचा मुद्दा. ताई, तुम्हाला का पटत नाहीये ते मी सांगतो. एकच मोठं नाव घेतलं की तुम्ही गिऱ्हाईक राहता, डोळा तयार होत नाही. दोन वर्षं साठवलेले पैसे घेऊन तुम्ही बाजारात उतराल तेव्हा तुम्हाला शाई कशी बसते, म्हातारपणी अक्षर कसं बदलतं, घाईत केलेली सही आणि टेबलाशी बसून केलेली सही यात फरक काय, यातलं काहीच माहीत नसेल. उलट साधे खेळाडू, ज्यांना इथले लोक कॉमन्स म्हणतात, चार-पाच सीझन खेळून घरी गेलेली माणसं, त्यांची १९६०-७० च्या दशकातली सही केलेली कार्डं दहा-पंधरा डॉलरला मिळतात. त्यांच्या सह्या खोट्या करायला कुणी बसत नाही, त्यात कमाईच नाही. अशी पन्नास-साठ कार्डं हातातून गेली की डोळा आपोआप तयार होतो. माझ्या संग्रहात मला सगळ्यात प्रिय असलेलं कार्ड एका राखीव कॅचरचं आहे, बारा डॉलरचं, त्याने नावाखाली बारीक अक्षरात स्वतःचा जर्सी नंबर लिहिलाय आणि चारच्या आकड्याची उभी रेघ कार्डाच्या कडेवरून खाली घसरलीय. त्या कागदाला त्याचा हात लागलाय, याबद्दल मला शंका नाही.

अभिजित_ठाणे:

बेसबॉलमधलं मला शून्य कळतं पण धागा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांची सह्यांची वही आहे, सत्तरच्या दशकात ब्रेबॉर्नला आणि नंतर वानखेडेला तासन्‌तास उभं राहून घेतलेल्या क्रिकेटपटूंच्या सह्या. बाबा प्रत्येक सहीच्या खाली तारीख आणि मॅच लिहून ठेवायचे आणि आज तीच सगळ्यात कामाची गोष्ट ठरलीय, कारण निम्म्या सह्या आता वाचताच येत नाहीत. मृण्मयीताई, ते आजोबा आहेत ना अजून? मग त्यांना विचारा ना! कुठलं कार्ड कुठे मिळालं, सही कुणी घेतली, कधी घेतली. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा. आमच्याकडे बाबा गेल्यावर वही उघडली, आता विचारायला कुणी नाही.

सुलभा_जर्सी:

अभिजितना शंभर टक्के अनुमोदन.

मी साठवणुकीबद्दल सांगते, मी ग्रंथालयात काम केलंय. रबरबँड आजच्या आज काढा, पण चिकटलेले ओढू नका, कागदाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. ती कार्डं बाजूला ठेवून द्या. प्रत्येक कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये आणि सही असेल तर वरून टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. नऊ खणांची पानं असलेली फाइल चालते, फक्त पानं पीव्हीसीची नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसी काही वर्षांनी घाम फुटल्यासारखं चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन. लेकाच्या खोलीत खिडकीसमोर फ्रेम करून लावू नका. शाई उन्हाने फिकी पडते आणि एकदा गेलेली परत येत नाही. बेसमेंटमध्येही नको, ओल येते. कपाटाचा मधला कप्पा उत्तम.

आणि कधी न्यूयॉर्कला आलात तर लेकाला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये घेऊन जा. जेफरसन बर्डिक नावाच्या गृहस्थांनी जमवलेली कार्डं त्यांनी म्युझियमला दिली, त्यातली बेसबॉलची तीस हजारांहून जास्त आहेत. सगळी एकदम मांडत नाहीत, थोडी थोडी आलटून पालटून लावतात. या माणसाने जुन्या कार्डांचा कॅटलॉग केला, आज सगळे टी२०६ टी२०६ म्हणतात ना, तंबाखूच्या पाकिटातून १९०९ ते १९११ मध्ये आलेला सेट, ज्यात वॅग्नरचं ते प्रसिद्ध कार्ड आहे, ते नाव त्यांच्याच कॅटलॉगमधलं. टी म्हणजे टोबॅको. बर्डिक हे आजारी माणूस होते, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी म्युझियममध्ये येऊन शेवटपर्यंत कार्डं लावत बसायचे. मला त्या छोट्याशा मांडणीसमोर उभं राहिलं की त्यांचीच आठवण होते.

मृण्मयी_पिट्सबर्ग:

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आज शनिवार, सकाळपासून आम्ही दोघं डायनिंग टेबलवर हेच करतोय.

सालं लावली. त्रेचाळीस सह्यांच्या कार्डांपैकी चाळीस १९६७ आणि १९७१ ची निघाली. लेक पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, आई, म्हणजे तीन उरली. मोठ्या माणसाला नाही सुचत असं.

ती तीन अशी आहेत. पहिलं १९६८ चं, त्यावर निळ्या बॉलपेनची सही, मागून बोट फिरवलं तर अक्षरांचे उठाव लागतात. दुसरं १९६६ चं, कार्डाला मधून घडी पडलीय आणि सही त्या घडीवरून गेलीय. तिसरं १९६५ चं, त्यावर नाव अगदी सुवाच्य लिहिलंय, सुटी सुटी अक्षरं, शाळेतल्या पोराने लिहावीत तशी. खेळाडूंची नावं इथे मुद्दाम देत नाही, कुणी फार मोठे नाहीयेत, पण तिघंही पायरेट्सचेच.

जुना_कागद:

लेकाला माझ्याकडून शाबासकी द्या.

घडीवाल्या कार्डाकडे भिंगातून बघा, दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वस्तात मिळतं. घडीत कागदाचे तंतू तुटलेले असतात, उघडे पडलेले. त्यावर नंतर पेन फिरवलं तर शाई त्या तंतूंत शिरून दोन्ही बाजूंना पसरते, टिपकागदावर पसरते तशी. आणि सही आधीची असेल, घडी नंतर पडली असेल, तर रेघ घडीपाशी तुटलेली दिसते, शाईचे टवके उडालेले असतात, पण पसरलेली नसते. हे का महत्त्वाचं, तर खोटं करणारे जुनी, घडी पडलेली, फाटकी कार्डंच विकत घेतात कारण ती स्वस्त मिळतात. म्हणजे शाई घडीत पसरलेली असेल तर लगेच खोटी म्हणू नका, पोरांच्या खिशात कार्डाची घडी आधीच पडलेली असू शकते, पण रेघ तुटलेली असेल तर निदान घडी पडायच्या आधी सही झाली होती एवढं नक्की.

तिसऱ्या कार्डाबद्दल मला वाटतंय ते मी बोलत नाही, आजोबांनाच विचारा.

तिसरा_बेस:

आता माझं ऐका, तुम्ही पिट्सबर्गमध्ये बसलाय, जुन्या पायरेट्ससाठी याहून चांगली जागा नाही. क्लेमेन्टेची सही आत्ता विसरा. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं, वय अवघं अडतीस, त्यामुळे त्याच्या सह्या मर्यादित आणि मागणी प्रचंड, आणि जिथे मागणी तिथे खोटा माल. पण क्लेमेन्टेपर्यंत जायचा एक रस्ता आहे जो तुमच्या बजेटमध्ये बसतो.

क्लेमेन्टे ज्या टीममध्ये होता ती, १९७१ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत) जिंकलेली पायरेट्सची टीम घ्या. १९७२ च्या टॉप्स सेटमध्ये त्यातले जवळपास सगळे सापडतील. ती कार्डं रंगीबेरंगी कमानीची, वर टीमचं नाव मोठ्या अक्षरात, आणि पुढे छापील सही नाही, त्यामुळे खरी सही उठून दिसते. १९७१ चं घेतलं तर छापील सही आणि खरी सही एकमेकींवर चढतात, बघायला मजा येत नाही. लेकाला एकेक खेळाडू वाचायला लावा. स्टीव्ह ब्लास, ज्याने सातव्या मॅचमध्ये बॉल्टिमोरविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग टाकून सिरीज जिंकून दिली. रिची हेब्नर, जो ऑफ सीझनमध्ये कबरी खणायचं काम करायचा. विली स्टार्जेल, जो २००१ च्या एप्रिलमध्ये गेला आणि त्याच दिवशी पीएनसी पार्कवर, म्हणजे पायरेट्सच्या नव्या मैदानावर, त्यांची पहिली अधिकृत मॅच होती. आणि कॅचर मॅनी सँगिएन. क्लेमेन्टेसाठी चर्चमध्ये प्रार्थना चालू होती तेव्हा सगळी टीम तिथे होती, एकटा सँगिएन नव्हता, तो पोर्तो रिकोच्या समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधत होता. सांगताना आजही माझा घसा दाटतो. कित्येक वर्षं तो पीएनसी पार्कमध्ये त्याच्या बार्बेक्यूच्या स्टॉलपाशी बसून लोकांना सह्या द्यायचा. लेकाच्या हातात क्लेमेन्टेची सही नसेल, पण ज्याने त्याला समुद्रात शोधलं त्याची असेल, हे काय कमी आहे का.

अजून एक, पायरेट्सचं जुनं मैदान फोर्ब्स फील्ड, त्याच्या भिंतीचा तुकडा पिट्सबर्गच्या ओकलंड भागात उभा आहे, माहीत असेलच. दर वर्षी १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचचं रेडिओ प्रसारण पहिल्यापासून ऐकतात, पायरेट्सना जिंकून देणाऱ्या मॅझेरोस्कीच्या होमरनपर्यंत. लेकाला न्या. तिथे जुनी मंडळी खिशातून कार्डं काढून दाखवतात, आणि जी माहिती पैसे देऊन मिळत नाही ती मिळते.

आणि विकतच घ्यायला पाहिजे असं नाही, पत्र लिहा! जुन्या खेळाडूंपैकी बरेच जण अजूनही पोस्टाने आलेल्या कार्डांवर सही करून परत पाठवतात. हाताने लिहिलेलं पत्र, एक पान, एकच कार्ड किंवा फार तर दोन, आणि आपलाच पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. कार्डाच्या मागेपुढे जाड पुठ्ठा. काही जण पाच-दहा डॉलर मागतात, बऱ्याचदा ते एखाद्या संस्थेला जातात, पाठवायच्या आधी ते बघून घ्या. काहींकडून काहीच येत नाही. कधी तीन आठवडे लागतात, कधी आठ महिने. आजोबांच्या खोक्यातलं कार्ड मात्र पाठवू नका, टपालात हरवलं तर आयुष्यभर लागून राहील, तेच कार्ड दोन डॉलरला दुसरं घ्या आणि ते पाठवा. साठच्या दशकातल्या कार्डांना चकचकीत थर नसतो त्यामुळे शाई छान बसते. फक्त फोटोची पार्श्वभूमी फिकी असलेलं कार्ड निवडा, काळ्या जर्सीवर निळी सही दिसत नाही.

सुलभा_जर्सी:

पत्र लेकाला स्वतः लिहू द्या हं. तुम्ही फक्त पत्ता तपासा.

अभिजित_ठाणे:

माझं एक विचारायचं राहिलं, ती प्लास्टिकची बंद पेटी सगळ्याच कार्डांना करावी का? बाबांच्या वहीचं काय करावं या विचारात आहे, मुंबईच्या पावसाळ्यात कागदाचे फार हाल होतात.

जुना_कागद:

नाही. तपासणीची फी खेळाडूच्या नावावर ठरते, पण दहा डॉलरच्या सहीसाठी त्याच्या दुपटीने फी भरण्यात अर्थ नाही. विकायचं असेल किंवा नाव मोठं असेल तरच. मी तर म्हणेन पोराच्या हाताला कार्ड लागू दे, निदान कॉमन्स तरी. वहीचं म्हणाल तर पानं मोकळी करू नका, आहे तशी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि आधी प्रत्येक पान स्कॅन करा.

मृण्मयी_पिट्सबर्ग:

काल आजोबांना भेटून आलो. दीड तासाचा ड्राइव्ह. लेकाने तिन्ही कार्डं टॉपलोडरमध्ये घालून नेली होती, भिंगही घेतलं होतं.

घडीवाल्या कार्डावर रेघ तुटलेली आहे, शाई पसरलेली नाही, म्हणजे सही आधीची. आजोबांनी कार्ड हातात घेतलं आणि लगेच सांगितलं, फोर्ब्स फील्डच्या बाहेर, १९६६ चा उन्हाळा, ते तेरा वर्षांचे होते, खेळाडूंच्या गाड्या उभ्या असायच्या तिथे थांबले होते. सही मिळाल्यावर कार्ड पँटच्या मागच्या खिशात ठेवलं आणि बसमध्ये त्यावर बसले. घडी तिथेच पडली. आठवून अजूनही हळहळत होते. निळ्या बॉलपेनवालं त्यांच्या मोठ्या भावाने आणलेलं, तो आता नाही, त्यामुळे कुठे आणलं ते त्यांनाही माहीत नाही. तसंच लिहून ठेवलंय.

तिसरं कार्ड त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले की ही सही त्यांनीच केलीय. बारा वर्षांचे होते, आईला बरं नव्हतं, त्या उन्हाळ्यात एकदाही मैदानावर जाता आलं नव्हतं, तर आवडत्या खेळाडूची सही स्वतःच घालून ठेवली. आम्हाला सॉरी म्हणत होते. लेक म्हणाला, मग खाली तुमचं नाव घाला ना. आजोबांनी कार्ड बाहेर काढायला लावलं, पेन मागितलं, आणि नावाखाली आपलं नाव आणि १९६५ असं लिहिलं. हात थरथरत होता, सुटी सुटी अक्षरं मात्र तशीच आहेत, लेकाने भिंगातून जुळवून पाहिलं.

सगळं रेकॉर्ड केलंय. अभिजित, खूप थँक्स.

आज १९७२ ची पायरेट्सची चार कार्डं मागवली, सगळी मिळून अकरा डॉलर, बिनसहीची. पहिलं पत्र टेबलावर आहे, दीड पान झालंय, लेक आता एका पानात बसवायला काय खोडायचं ते ठरवतोय. परतीच्या पाकिटावर एक तिकीट पुरेल का दोन लावू, पुठ्ठ्यामुळे जाड झालंय?

तिसरा_बेस:

दोन लावा. आणि पोस्टात काउंटरवर वजन करून घ्या, पाकीट वाकत नसेल तर जास्त लागतं.